दंड कुणी भरायचा

“अंडी बंद,” नवरा म्हणाला आणि फ्रिजवर चिकटवलेल्या महिन्याच्या जेवणाच्या तक्त्यावर त्यानं तांबडी रेघ ओढली. “दोघींचीही. तुझ्या खात्यातून बँकेनं पुन्हा दंड कापलाय. तो कुठून भरून काढायचा? माझ्या खिशातून?”

लेकीनं हातातला पाव खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. आईनं तो पुन्हा तिच्या हातात दिला.

तक्ता त्याचाच होता. सोमवारी डाळ-भात, मंगळवारी बटाटे, बुधवारी पुन्हा डाळ, पण जरा पातळ. महिन्याचं सामानही तोच आणायचा; दुकानात गेलं की बायकांना भान राहत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. ती चष्म्याच्या कारखान्यात दिवसभर काचा घासायची. पगार तिच्या खात्यात जमा व्हायचा आणि खात्याचं कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असायचं. लग्न झाल्या झाल्या त्यानं ते मागून घेतलं होतं. “तुला कशाला डोक्याला ताप?” म्हणाला होता. तेव्हा तिला ती माया वाटली होती.

“तुझा पगार घरात पुरतो कुठे? डाळ-तांदळातच संपतो,” तो आता म्हणाला. “बँकेत जा आणि दंड माफ करून आण. हात हलवत परत आलीस तर दूधही बंद.”

“तुम्ही चला ना. मला तिथलं काही कळत नाही.”

“कधीतरी कळू दे. मला सामान आणायचंय.”

लेकीचा हात धरून ती निघाली.

बँकेत खिडकीपलीकडची बाई खेकसायच्या बेतातच बसली होती. “शिल्लक ठेवायची नाही आणि वर भांडायला यायचं! माफबिफ काही होत नाही, ताई.”

“शिल्लक उरतच नाही हो. सगळा पगार किराण्यात जातो.”

“किराण्यात?” बाईनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “पगार येतो त्याच दिवशी झाडून सगळा या दुसऱ्या खात्यात जातो. त्यातून किराण्यापुरते चार पैसे तेवढे परत येतात. बघा की.”

दुसऱ्या खात्यावर नवऱ्याचं नाव होतं. महिन्यामागून महिने, ओळीखाली ओळ, तेच नाव. ती बोटानं एकेक ओळ मोजत खाली गेली. पातळ डाळ, लेकीचं अंडं, आणि वर तिलाच ऐकवलेली बोलणी. चोर तो चोर, वर शिरजोर.

“हे तुमच्या सांगण्यावरूनच चाललंय ना?” बाईनं विचारलं.

सवयीनं ‘हो’ तोंडात आलंच होतं.

“नाही,” ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की रांगेतली माणसं वळून पाहू लागली.

बाईच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. “मोबाईल नंबर कुणाचा लावलाय?”

“नवऱ्याचा.”

“कार्ड कुणाकडे?”

“नवऱ्याकडे.”

“आणि पगार?”

“माझा.”

बाईनं एक कोरा अर्ज खिडकीतून सरकवला. “इथे आणि खाली सही करा. स्वतःचा नंबर लिहा. कार्ड आणि मोबाईलवरचे व्यवहार आत्ताच बंद करते. पण दंड भरावाच लागेल हं.”

“भरते,” ती म्हणाली. पहिली सही वाकडी आली. दुसरी सरळ.

ती लेकीला घेऊन दारापर्यंत पोचते तोच फोन वाजला.

“कार्ड चालत नाहीये!” नवरा दुकानातून ओरडत होता. “टोपली भरलीय, मागे ही रांग लागलीय, लोक हसतायत. बँकेतच आहेस ना? विचार त्यांना, कुणाच्या सांगण्यावरून बंद केलं म्हणावं!”

“खातेदाराच्या,” ती म्हणाली.

त्यानं चिडून विचारलं, “कोण खातेदार?”