मिल स्ट्रीट

"सत्तावीस, मिल स्ट्रीट! लवकर या!" स्टॅन्ली फोनवर ओरडला. त्याची बायको वांदा स्वयंपाकघरात कोसळली होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. ॲम्ब्युलन्सवाल्यांसाठी त्यानं पुढचं दार सताड उघडून ठेवलं.

वाढतं शहर गेल्या वर्षी नदी ओलांडून आलं आणि त्यांचं गिरणीचं गाव त्यात विलीन झालं. शहरात आधीच एक मिल स्ट्रीट असल्यामुळे इथल्या रस्त्याचं नाव बदलणार होते. भर सभेत स्टॅन्ली महापौरांवर कडाडला होता, "गिरणी गेली, शाळा गेली, आता नावही नेता? आमच्या बापजाद्यांनी इथं हाडं झिजवलीत!" टाळ्यांनी सभागृह दणाणलं, नाव राहिलं, शेजाऱ्यांनी त्याला आठवडाभर बिअर पाजली. वांदा तेवढी म्हणाली, "अरे, पण टपाल चुकेल ना?"

लांबून, नदीपलीकडून सायरन ऐकू आला आणि तिकडंच थांबला. मग फोन वाजला.

"आम्ही दारात उभे आहोत, साहेब. कधीपासून बेल वाजवतोय, दार उघडा!"

स्टॅन्लीनं सताड उघड्या दाराकडं पाहिलं. बाहेर मिल स्ट्रीट पार नदीपर्यंत रिकामा होता.