दोन पेट्यांच्या मध्ये

मांडणीवरची भांडी तिसऱ्यांदा अंगणात आली, तेव्हा गोजरबाईने कपाळावर हात मारून घेतला. पोराचं डोकं फिरलंय, असं तिने भिंतीवरून शेजारणीला सांगूनही टाकलं. पण मच्छिंद्रचा इलाज नव्हता. आवाज जरा खर्जात उतरला की पितळी ताटल्या थरथरायच्या आणि सगळ्या गाण्याचं मातेरं व्हायचं.

मच्छिंद्र साखर कारखान्यात वायरमन. देवळाली प्रवरेला मायलेकांची दहा बाय दहाची एकच खोली. तिच्यात त्याने स्वतः जोडलेला अँप्लिफायर, दोस्ताकडून आणलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर आणि सुताराकडून करून घेतलेल्या दोन लाकडी पेट्या, दोन्हींत एकेक मोठा स्पीकर. तीन महिने गडी त्या पेट्यांशी झुंजत होता. कोपऱ्यात ठेवल्या की आवाज आडातून आल्यासारखा घुमे. भिंतीला टेकवल्या की नाक धरून बोलल्यासारखा. वर पत्रा, तो वेगळाच झणझणे.

पारखायला त्याने आवाज निवडला होता तो आईचा. बाजारातल्या तबकड्या आणून काय करायचं? त्या गाणाऱ्यांना त्याने कधी समोर बसून ऐकलं होतं? आई मात्र रोज पहाटे जात्यावर ओव्या म्हणे. नवरा लवकर गेला, तेव्हा चार घरची दळणं दळून तिने संसार ओढला होता. मच्छिंद्र तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्या घरघरीत झोपायचा. तिने श्वास कुठे घेतला आणि कुठे गिळला, हे त्याला झोपेतही कळे.

मागे एका पहाटे गुपचूप माईक लावून त्याने तो आवाज फितीवर उतरवला. आईला पत्ता लागू दिला नाही. मनाशी मात्र पक्कं केलं: ज्या दिवशी ती ऐकून म्हणेल, अरे, हा तर माझाच आवाज, त्या दिवशी पेट्या पास. नाही म्हणाली, तर सगळा खटाटोप पाण्यात.

आज रविवार. त्याने घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या. पेट्या भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या, बसल्या माणसाच्या कानाशी येतील अशा बुटक्या स्टुलांवर चढवल्या, तोंडं जराशी आत वळवली. मग समोर मांडी घालून बसला आणि बटण फिरवलं.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज पेट्यांतून येतच नव्हता! दोन पेट्यांच्या मध्ये, जिथे नुसती सारवलेली जमीन होती, तिथे आई बसली होती. जातं फिरत होतं. दाणे भरडले जात होते. ओवी संपता संपता तिला दम पुरत नसे आणि शेवटचा शब्द ती अर्धाच सोडून देई. तो अर्धा शब्दही तिथेच होता. न राहवून मच्छिंद्रने हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही. देवळात शिरल्यावर बोलावंसं वाटत नाही, तसं त्याला झालं.

मग त्याने आईला हाक मारली. ती कुरकुरत आली, समोर टेकली. फीत पुन्हा सुरू झाली आणि म्हातारीची कुरकुर थांबली. तिने एकदा उठून पेट्यांच्या मागे वाकून पाहिलं. परत येऊन बसली ती हललीच नाही. मच्छिंद्र फितीकडे बघेना, तिच्या तोंडाकडेच बघत राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

फीत संपली.

"वळखलंस का, आये?"

"न्हाई रं. ओव्या आपल्याच हायेत, समद्या बायका म्हन्त्यात त्या. पर बाई कुठली, ते न्हाई ध्यानात येत."

मच्छिंद्रचं तोंड एवढंसं झालं. तीन महिने मातीत गेले. आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही, हे त्या शहाण्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो मुकाट्याने मशीन बंद करायला उठला, तर आईने त्याचं मनगट धरलं. अजून एकदा लाव म्हणाली. कुठं राहते ती, कुणाकुणासाठी दळते, तिला कुणी हाय का न्हाई, असं सगळं विचारत राहिली. तिची नजर त्या मोकळ्या जागेवरून हलत नव्हती. मच्छिंद्रने फीत मागे गुंडाळली आणि पुन्हा लावली.

"लई दमलीय रं ती," गोजरबाई हळू आवाजात म्हणाली. "एक दिवस घरी आन तिला. मी रांधते. आयतं जेवू दे बिचारीला."