मागितली त्याहून जास्त माहिती

शेतीचं अनुदान कुणाकुणाला मिळतं ते उघड व्हावं, म्हणून भोपाळच्या कोलार रोडवरचे पद्माकर दिघे निवृत्तीनंतर दोन वर्षं अर्ज खरडत होते. शेवटी यादी वेबसाइटवर झळकली. त्यांनी शेतकऱ्यांची नावं तेवढी मागितली होती. सरकारनं बायकांच्या नावापुढे नवऱ्यांचीही छापली.

वैजयंतीबाईंनी नवऱ्याच्या कौतुकापोटी मोबाईलवर सहज 'दिघे' टाकून पाहिलं. एकच नोंद निघाली: 'सुमित्राबाई, पति पद्माकर दिघे.'

त्यांच्या माहितीत अख्ख्या जिल्ह्यात पद्माकर दिघे एकच होते, आणि ते समोर चहा पीत बसले होते.

वैजयंतीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.



"अहो, खोटं नाव घालून अनुदान लाटलंय ना तुम्ही? हो म्हणा."