निळं कपाट

जुनी कपाटं आणायची, घासायची आणि खडूची पूड सरसात कालवून घरच्या रंगानं नवी करून विकायची, हा सांगलीतल्या गंगाधरचा धंदा. जुन्या बाजारातून आणलेलं एक कपाट घासताना तपकिरी रंगाखालून फिकट निळा दिसला आणि त्याचा हात थांबला. रंगात नीळ त्यानं एकदाच घातली होती, लेकीला लग्नात दिलेल्या कपाटासाठी.

दिवाळीला लेक वडूजच्या एसटीनं यायच्या आत त्यानं त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारून घेतला.

भार्गवी आली ती त्याच कपाटाशी थबकली. "पांढरं झ्याक दिसतंय आप्पा, पण माझ्या निळ्या कपाटाची सर न्हाई. रोज पुसते मी त्याला."

 

"जप गं बाई त्याला," म्हणत गंगाधरनं पांढरे झालेले हात पाठीमागं घेतले.