चौघांचा स्वयंपाक

"उतर आता काट्यावरून," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मुलगी उतरली. चपला पायात सरकवून आईपासून एक खुर्ची सोडून बसली. चौदा वर्षांची. गणवेश दोन्ही बाजूंनी उसवून सैल केलेला. आई शिवणकामच करायची, म्हणून बाहेरून कळत नव्हतं. पण आता शिवणीत सोडायला कापडच उरलं नव्हतं.

"वर्षभरात हे असं झालंय," आई बोलू लागली ती थांबेचना. "खा खा सुटलीय नुसती. पातेलं पुसून खाते. परवा उलटी होईपर्यंत जेवली, तोंड धुऊन आली आणि पुन्हा ताटावर बसली! शेजारी हसतात. तुमच्याकडे मांजर उपाशीच मरत असेल म्हणतात. मी ओरडते, ताट ओढून घेते. पण पालथ्या घड्यावर पाणी."

मुलगी मान खाली घालून नख कुरतडत होती.

"आणि शाळेतला डबा?"

"तो निम्मा परत येतो. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तर केकला बोट लावलं नाही म्हणे. हिचं सगळं वैर माझ्या रात्रीच्या स्वयंपाकाशी."

डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या. "घरी माणसं किती?"

"चौघं," आई म्हणाली. मग तिने घसा खाकरला. "तिघं. मोठा मुलगा गेल्या वर्षी गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. कॉलेजात होता."

डॉक्टरबाई खुर्ची ओढून मुलीसमोर बसल्या.

"खरं सांग हं. इतकी भूक लागते तुला?"

"नाही."

"मग आवडतं म्हणून खातेस?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. मग आईकडे न बघता म्हणाली, "आई अजून दादाचंही करते. तिच्या लक्षात येत नाही. जेवणं झाली की त्याच्यापुरतं उरतं. मग ती भांडी घासायला म्हणून उभी राहते आणि नळ मोठा सोडून रडते. आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. एकदा मी सगळं संपवलं. त्या दिवशी नाही रडली."

दोघींच्या मधल्या खुर्चीवर आईची पिशवी होती. ती तिने उचलून जमिनीवर ठेवली आणि तिथे सरकली. मुलीचं डोकं तिने पोटाशी ओढून घेतलं, तेव्हा मुलगी पुटपुटली, "मला आता नाही गं जात."

त्या संध्याकाळी आईने तांदूळ धुतले ते हातावर बारीक लक्ष ठेवून. तीन माणसांचे, जास्त नाही. पण एवढ्या वर्षांचा हात तो. भात शिजला, तेव्हा पातेलं नेहमीसारखंच भरलं होतं.

वडील बस चालवायचे. डेपोतून आले तेव्हा आईने त्यांना दारातच सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. वर्षभर ते असेच होते. मान खाली घालून जेवायचे, हात धुवायचे, उठून जायचे. मुलाचं नाव त्यांनी एकदाही काढलं नव्हतं.

तिघं जेवली. मुलगी पोटापुरतंच जेवली. पातेल्यात एका माणसाचा भात उरला.

कोणीच उठेना. आई पातेल्याकडे बघत होती. तिची हनुवटी थरथरायला लागली. ते दिसताच मुलीने झटकन आपलं ताट पुढे सरकवलं आणि पातेल्यातल्या डावाकडे हात नेला.

वडिलांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे बाळा," ते म्हणाले. "उरू दे. रडू दे तिला. मलाही."