ओ देणारं घर

वत्सलाबाई पेडणेकरांनी ओट्यापाशी उभं राहून “अहो” म्हटलं, तशी पंख्यानं गती कमी केली, खिडकी उघडली आणि खुर्ची घरंगळत त्यांच्यामागे येऊन थांबली.

“बघा!” त्यांची लेक सुनीती दुरुस्तीला आलेल्या तृप्तीला म्हणाली. “बाबा जाऊन वर्ष झालं. आईची सवय सुटत नाही आणि सगळं घर धावत येतं. मला नको हा तमाशा.”

तृप्तीला त्यात बिघाड दिसेना. हल्लीची घरं अशीच घडवलेली होती. हाक घरातल्या सगळ्या वस्तूंना एकदमच जाई, ओ देणारा कोण हे कुणी विचारत नसे, आणि ज्याला जे जमेल ते तो आपल्या परीनं करी. पण गिऱ्हाइकाचं ऐकायलाच हवं. तिनं घराच्या यंत्रणेत अट घातली: या हाकेला फक्त नवऱ्यानंच ओ द्यायची.

“अहो,” वत्सलाबाई थोड्या वेळानं म्हणाल्या.

पुन्हा वेगात आलेला पंखा तसाच गरगरत राहिला. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. काहीच हललं नाही. त्या पुन्हा पातेल्याकडे वळल्या आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये तसं म्हणाल्या, “अहो...”

तृप्तीनं मान खाली घातली.

“ओ,” मागून सुनीतीचा आवाज आला.

वत्सलाबाईंचे खांदे सैल झाले. मागे न बघताच त्या म्हणाल्या, “पंखा कमी करा जरा. गॅस विझतोय.”

सुनीतीनं उठून पंखा कमी केला. तृप्तीनं काही न विचारता अट पुसून टाकली.