वेष्टणात मुरलेलं हसू

जुन्या क्रिकेट-कार्डांची सीलबंद खोकी ऑनलाइन लिलावात चढण्याआधी वैजयंतीच्या यंत्राखालून जात. प्लॅस्टिकचं वेष्टण तापून आकसतं तेव्हा आसपासचे आवाज त्यात मुरतात, आणि यंत्र ते परत ऐकवतं. कारखान्याची घरघर आली, की खोकं अस्सल.

आज खोक्याचे मालक, सत्तरीचे दत्ताराम पेडणेकर, व्हिडिओ कॉलवर धास्तावून बसले होते. वैजयंतीने यंत्र सुरू केलं. घरघर आलीच नाही. एक बाई खुदकन हसली.

"अहो, इस्त्री हळू फिरवा, प्लॅस्टिक जळेल! दत्तूला वाढदिवसाला द्यायची कार्डं आतून काढलीत ना?"

"काढली. हसू नकोस, उठेल तो!" म्हणत पुरुषही हसला.

वैजयंतीचा चेहरा पडला. "काका, माफ करा. खोकं उघडून पुन्हा बंद केलंय. लिलावात नाही चालणार."

पेडणेकरांचं लक्षच नव्हतं. "आई-बाबा आहेत हे! त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता हो!" त्यांनी बायकोला, नातवंडांना हाका मारल्या. "ताई, पुन्हा लावा बघू!"

वैजयंतीने आवाज मोठा केला. ती बाई पुन्हा खुदकन हसली, तसं पेडणेकरांचं अख्खं घर हसत सुटलं, आणि वैजयंतीलाही हसू आवरेना.